‘अदालत’ : अर्थ, उगम आणि अर्थांतर

प्रस्तावना

न्यायदानाच्या ठिकाणासाठी आजच्या मराठीत तीन शब्द एकाच वेळी वावरताना दिसतात. शासकीय कागदपत्रांत, वृत्तपत्रांत आणि पाठ्यपुस्तकांत ‘न्यायालय’ हा शब्द रूढ आहे. बोलण्यात ‘कोर्ट’ आहे. आणि ‘लोकअदालत’, ‘पेन्शन अदालत’, ‘डाक अदालत’ यांसारख्या जोडशब्दांत ‘अदालत’ टिकून आहे. पहिला संस्कृत घटकांपासून घडलेला, दुसरा इंग्रजीतून आलेला, तिसरा अरबी धातूपासून निघून फार्सीच्या वाटेने भारतात आलेला. लिंगेही सारखी नाहीत. ‘ते न्यायालय’ आणि ‘ते कोर्ट’ म्हटले जाते, ‘ती अदालत’ मात्र स्त्रीलिंगी आहे. हे तिन्ही शब्द एकमेकांचे पर्याय समजून वापरले जात असले, तरी त्यांच्या मुळाशी न्यायाविषयीच्या तीन वेगवेगळ्या कल्पना आहेत. त्यांतील ‘अदालत’ या शब्दाचा प्रवास विशेष लक्षणीय आहे, कारण मूळ भाषेत हा शब्द कोणत्याही स्थळाचा वाचक नव्हता. तो एका गुणाचे नाव होता. गुणाचे नाव वास्तूला आणि संस्थेला कसे मिळाले, मराठी मुलखात हा शब्द कधी आला, का मागे पडला आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस कोणत्या अर्थाने परतला, याचा शोध घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हा शोध केवळ कोशकारांच्या कुतूहलाचा विषय नाही. नावावरून पक्षकाराची अपेक्षा ठरते, आणि ‘अदालत’ या नावाने निर्माण होणारी अपेक्षा व कायद्याने त्या संस्थेला दिलेला अधिकार यांत आज अंतर पडलेले आहे.

धातू आणि ओझे

‘अदालत’ हा शब्द ऐन, दाल व लाम या तीन अक्षरांच्या अरबी धातूपासून सिद्ध झाला आहे. सरळ करणे, समान करणे, तोलात आणणे हे या धातूचे अर्थ होत. याच धातूपासून ‘इद्ल’ असे एक नाम होते आणि त्याचा अर्थ मोठा बोलका आहे. उंटाच्या किंवा खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगांना लादलेल्या ओझ्यापैकी एका बाजूचे ओझे म्हणजे ‘इद्ल’. दोन बाजू सारख्या वजनाच्या नसतील तर ओझे एका अंगाला कलते, खोगीर सरकते आणि जनावर पुढे चालत नाही. बैलाच्या पाठीवर गोणी लादून घाट उतरणाऱ्या लमाणांचा व्यवहार ज्या प्रदेशाने पाहिला, त्या प्रदेशाला ही कल्पना वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. वाळवंटातील तांड्याच्या या रोजच्या अनुभवातून ‘अद्ल’ म्हणजे न्याय, समतोल हा अमूर्त अर्थ विकसित झाला असावा, असे मानणे स्वाभाविक ठरते. ‘इअतिदाल’ म्हणजे मध्यम स्थिती, संयम. हाच शब्द दिवस व रात्र समान असण्याच्या स्थितीसाठीही अरबीत वापरला जातो. ‘आदिल’ म्हणजे न्यायी मनुष्य. ‘अल्-अद्ल’ हे इस्लामी परंपरेत ईश्वराच्या नव्व्याण्णव नावांपैकी एक मानले जाते.

या धातूच्या शेजारी आणखी एक शब्द ठेवून पाहण्यासारखा आहे. ‘इन्साफ’ हा शब्द ‘निस्फ’ म्हणजे अर्धा भाग, या शब्दाच्या धातूपासून झाला. इन्साफ करणे म्हणजे मुळात निम्मेनिम करणे, दुसऱ्याला त्याचा अर्धा वाटा देणे. इन्साफ करणारा तो ‘मुन्सिफ’. कंपनीच्या काळात खालच्या दिवाणी न्यायाधीशाला मराठीत ‘मुन्सफ’ म्हणत, तो हाच. एका शब्दाने ओझे तोलले, दुसऱ्याने वाटा निम्मा केला. दोहोंतील चित्र दोन पक्षांचे आहे. घराचे किंवा इमारतीचे नाही.

‘अदालत’ (अरबी उच्चार ‘अदाला’) हे याच धातूचे भाववाचक रूप आहे. मराठीत ‘सरळ’ पासून ‘सरळपणा’ व्हावा, तसे ते ‘आदिल’ पासून ‘आदिलपणा’ असे समजता येईल. इस्लामी धर्मशास्त्रात या शब्दाला पारिभाषिक स्थान आहे. साक्ष देणाऱ्याच्या अंगी ‘अदालत’ हवी, म्हणजे त्याचे वर्तन निर्दोष व विश्वासार्ह हवे. काझीच्या अंगी ती हवीच हवी. अल्-मावर्दी (निधन इ.स. १०५८) याने राज्यव्यवहारावरील आपल्या ग्रंथात काझीच्या व राज्यकर्त्याच्या पात्रतेच्या अटींत तिचा समावेश केला आहे. पैगंबरांची वचने सांगणाऱ्या निवेदकांची पारख करण्याचे जे शास्त्र निर्माण झाले, त्यातही निवेदकाची ‘अदालत’ तपासली जाते. थोडक्यात, मूळ अर्थाने ‘अदालती’त जाता येत नाही, ती अंगी असावी लागते.

मग अरबीत न्यायाच्या स्थळाला काय म्हणतात? त्याला ‘महकमा’ हा वेगळा शब्द आहे. तो ‘हुकूम’ या शब्दाच्या धातूपासून, स्थलवाचक ‘म’ हा उपसर्ग लावून केलेला आहे. ‘हुकूम जेथे होतो ते ठिकाण’ हा त्याचा सरळ अर्थ. तुर्कीत ‘अदालेत’ म्हणजे आजही न्याय, आणि न्यायालय म्हणजे ‘महकेमे’. तुर्कस्तानात २००१ मध्ये स्थापन झालेल्या ‘न्याय व विकास पक्षा’च्या तुर्की नावातील पहिला शब्द ‘अदालेत’ हाच आहे. मराठी वाचकाने ते नाव आपल्या सवयीने वाचले तर तो कोर्टकचेरीचा पक्ष वाटावा. फार्सीतही ‘अदालत’ म्हणजे न्यायच, आणि आधुनिक इराणात न्यायालयाला ‘दादगाह’ म्हणतात. इंडोनेशियन भाषेने ‘आदिल’ या शब्दाला आपले प्रत्यय जोडून ‘पंगादिलान’ म्हणजे न्यायालय आणि ‘केआदिलान’ म्हणजे न्याय, असे दोन निराळे शब्द घडविले. सर्वोच्च न्यायालयासाठी मात्र त्या देशाने ‘महकमा’ हाच अरबी शब्द ठेवला. उर्दू व हिंदीत तसे झाले नाही. तेथे ‘अदालत’ हे मूळ रूप जसेच्या तसे स्थळाला बहाल झाले आणि रिकाम्या झालेल्या गुणाच्या जागी ‘इन्साफ’ आला. ‘अदालत में इन्साफ मिलना’ ही उर्दू-हिंदीतील सहज वाक्यरचना अरबाच्या कानाला ‘न्यायात न्याय मिळणे’ अशी लागेल.

असे अर्थांतर विचित्र वाटले तरी भाषेला ते नवीन नाही. ‘दफ्तर’ म्हणजे नोंदवही. नोंदवह्या जेथे ठेवल्या तेही ‘दफ्तर’ झाले, आणि मराठीत तर ‘दप्तर’ अखेर शाळकरी मुलांच्या पाठीवर जाऊन बसले. ‘दिवाण’ ही देखील मुळात नोंदवही होती. तिचे खाते झाले, खात्याचा अधिकारी झाला. ज्याचे काम त्याच नावाने ठिकाण ओळखायचे, ही राजदरबाराच्या भाषेची जुनी रीत आहे. मोगल राजवटीत ‘दारोगा-इ-अदालत’ असा अधिकारी असे. ‘न्यायाच्या कामावरचा दारोगा’ या अर्थाच्या पदनामात ‘अदालत’ हे अजून कामाचेच नाव आहे. बादशहाने अमुक वारी ‘अदालत’ करावी, अमुक दालनात करावी, असे घडत गेले म्हणजे क्रिया, दिवस व दालन यांतील सीमारेषा पुसट होतात. जहांगीर इ.स. १६०५ मध्ये गादीवर आल्यावर त्याने आग्र्याच्या किल्ल्यातून सोन्याची ‘न्यायाची साखळी’ बाहेर सोडण्याचा हुकूम दिला. ती तीस गज लांब होती व तिला साठ घंटा होत्या, असे त्याने आपल्या आत्मवृत्तात नोंदविले आहे. ती साखळी कोणी किती वेळा ओढली हा प्रश्न बाजूला ठेवू. तिच्या नावात ‘अद्ल’ आहे आणि तो बादशहाच्या व्यक्तिगत गुणाचा डंका आहे, एवढे येथे पुरेसे आहे.

दख्खनमधील ‘आदिल’ आणि ‘दाद’

दख्खनेत या धातूचा पहिला ठळक ठसा ‘अदालत’ या रूपात नसून ‘आदिल’ या रूपात आहे. यूसुफ आदिलखानाने इ.स. १४९० च्या सुमारास विजापुरास स्वतंत्र सत्ता स्थापन केली आणि १६८६ मध्ये औरंगजेबाने ती संपवीपर्यंत मराठी मुलखाचा मोठा भाग ‘आदिलशाही’त होता. म्हणजे जवळजवळ दोनशे वर्षे मराठी माणसाच्या तोंडी ‘न्यायी’ या अर्थाचा शब्द राजघराण्याचे नाव म्हणूनच राहिला. विशेषनाम झालेल्या शब्दाचा अर्थ सहसा कोणी विचारीत नाही.

न्यायाचा फार्सी शब्द ‘दाद’ मात्र मराठीत खोलवर रुजला. विजापुरातील आज ‘असर महाल’ म्हणून ओळखली जाणारी वास्तू मुहम्मद आदिलशहाने सतराव्या शतकाच्या मध्यास न्यायसभेसाठी बांधली, तेव्हा तिचे नाव ‘दाद महाल’ होते; पुढे पैगंबरांचे अवशेष तेथे ठेवले गेले व नाव पालटले. ‘दाद महाल’ या नावात न्याय आणि महाल हे दोन्ही घटक सुटे व स्पष्ट आहेत, हे ‘अदालत’च्या संदर्भात ध्यानात घेण्याजोगे आहे. मराठीने ‘दाद’ला क्रियापदे जोडून तिचे अर्थ वाढविले. अन्याय झालेला ‘दाद मागतो’, गाण्याला श्रोता ‘दाद देतो’, आणि हट्टी मनुष्य कोणालाच ‘दाद देत नाही’. तिन्ही ठिकाणी मूळ कल्पना एकच आहे: समोरच्याचे जे देणे लागते ते त्याला पोचते करणे. वादपत्रात वादी न्यायालयाकडे जी मागणी करतो तिला आजही ‘दाद’ म्हणतात. फार्सी शब्दांचे मराठीतील हे रूपांतर माधव त्रिंबक पटवर्धन यांच्या १९२५ च्या ‘फार्शी-मराठी कोशा’त पाहावयास मिळते. पुढे भाषाशुद्धीचा पुरस्कार करणाऱ्या याच कवीने आधी हा कोश केला होता, हेही नमूद करण्यासारखे आहे.

मजलिस, गोत आणि महजर

मराठेशाहीच्या कागदपत्रांत निवाडा करणाऱ्या संस्थेचा उल्लेख प्रामुख्याने ‘मजलिस’, ‘गोत’, ‘सभा’ व ‘पंचाईत’ या शब्दांनी होतो. गावचा पाटील, कुलकर्णी, परगण्याचे देशमुख-देशपांडे, मिरासदार व बलुतेदार यांची ‘गोतसभा’; सरकारी अधिकाऱ्यांसह भरणारी ‘मजलिस’; आणि धर्मशास्त्राचा प्रश्न असल्यास ब्राह्मणांची ‘धर्मसभा’. डॉ. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजमार्फत प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील ग्रंथात या संस्थांचे तपशीलवार विवेचन आहे.

‘मजलिस’ हा शब्द अरबी ‘बसणे’ या अर्थाच्या धातूचा. ‘जलसा’ हा त्याचाच भाऊबंद. मजलिस म्हणजे बैठक. वतनी वादांचा निर्णय ज्या दस्तऐवजात सामान्यतः लिहिला जाई त्याचे नाव ‘महजर’, आणि या शब्दातच एक न्यायतत्त्व दडलेले आहे. ‘हजर’, ‘हाजिर’, ‘हुजूर’ व ‘महजर’ हे चारही शब्द ‘समक्ष असणे’ या एकाच धातूपासून आले. महजर म्हणजे उपस्थितीचा लेख. त्याच्या आरंभी ‘हाजिर मजलिस’ म्हणून निवाड्याच्या वेळी बसलेल्यांची नावे हुद्द्यांसह येतात आणि मगच वाद सुरू होतो. कोणाच्या समक्ष निर्णय झाला, हा त्या कागदाचा प्राण होता. नावांपुढे निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, कारागिरांच्या निशाण्या त्यांच्या हत्यारांच्या. निवाडा कोठे झाला हे त्या मानाने दुय्यम होते. मंदिराचा मंडप, नदीचे पात्र, गावची चावडी, किल्ल्याची सदर, यांपैकी कोठेही मजलिस बसू शके.

कामाची रीतही येथे पाहावी. वादी-प्रतिवादी आरंभीच ‘राजीनामा’ लिहून देत. आजच्या मराठीत हा शब्द नोकरी सोडण्याच्या पत्रापुरता उरला असला, तरी त्या काळी ‘या सभेचा निर्णय आम्हांस मान्य राहील, आम्ही राजी आहोत’ अशा संमतीचा तो लेख असे. मग जामीन, करीना म्हणजे हकिगत, साक्षी, आणि क्वचित दिव्य. हरलेला ‘यजितखत’ म्हणजे हार मान्य केल्याचा लेख देई आणि ‘गुन्हेगारी’ भरी. जिंकलेला सरकारात ‘हरकी’ भरी. न्याय फुकट नव्हता आणि सर्वांस सारखाही नव्हता. गोताच्या बैठकीत जातीची उतरंड बैठकीइतकीच पक्की असे, स्त्रियांचा आवाज तेथे क्वचितच पोचे, आणि तापलेल्या तेलातून धातूचा तुकडा उचलण्याचे ‘रवादिव्य’ हे सत्य शोधण्याचे साधन म्हणून आज कोणी सुचविणार नाही. तेव्हा या संस्थेचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. परंतु शब्दार्थाच्या दृष्टीने एक गोष्ट निश्चित दिसते: मराठी मुलखात न्यायाचे नाव माणसांच्या बैठकीला व त्यांच्या समक्षतेला बांधलेले होते.

राज्याभिषेकाच्या वेळी (१६७४) अष्टप्रधानांची फार्सी पदनामे पालटली गेली. पेशव्याचा पंतप्रधान झाला, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव. ‘न्यायाधीश’ हे पद त्याच मंडळात आहे व निराजी रावजी हे त्या पदावर होते. पुढे पेशवाईत रामशास्त्री प्रभुणे यांच्या नावाने हे पद लोकस्मृतीत कायमचे कोरले गेले. येथे व्यक्तीला पदनाम मिळाले. तिच्या कामाच्या जागेला मात्र ‘न्यायालय’ हे नाव अद्याप रूढ व्हायचे होते.

कंपनीची ‘अदालत’, राजाचे ‘कोर्ट’

इ.स. १७६५ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीला बंगालची दिवाणी मिळाली आणि १७७२ मध्ये वॉरन हेस्टिंग्जने न्यायव्यवस्थेची योजना आखली. प्रत्येक जिल्ह्यात दिवाणी अदालत व फौजदारी अदालत, आणि त्यांच्यावर सदर दिवाणी अदालत व सदर निजामत अदालत. दिवाण हा महसुलाचा अधिकारी आणि फौजदार हा फौजबंद अधिकारी. मालमत्तेचे तंटे पहिल्याच्या व गुन्हे दुसऱ्याच्या अखत्यारीत, ही मोगल वाटणी कंपनीने उचलली. त्यामुळेच आजही करारभंगाचा दावा ‘दिवाणी’ व मारहाणीचा खटला ‘फौजदारी’ ठरतो. ‘सदर’ म्हणजे अरबीत छाती, त्यावरून अग्रभाग, मुख्य. वाड्याची ‘सदर’ आणि अर्जातील ‘सदरहू’ ही याच घरची मंडळी. येथपासून ‘अदालत’ हा शब्द कायद्याच्या पुस्तकात संस्थेचे अधिकृत नाव म्हणून स्थिर झाला. गुणवाचक नामाचे स्थलवाचक नामात झालेले रूपांतर मोगल दरबारात सुरू झाले असले, तरी त्याच्यावर पक्की मोहोर उमटविली ती इंग्रजी कारभाराने.

मुंबई इलाख्यात हा शब्द याच मार्गाने आला. १८१८ मध्ये पेशवाई संपल्यावर दख्खनचा कमिशनर असलेल्या माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ च्या अहवालात पंचायत हे न्यायाचे मुख्य साधन असल्याचे नोंदवून ते शक्य तितके राखावे असा कल दाखविला. तथापि १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेनंतर नियमबद्ध अदालतींचे जाळे विणले गेले आणि पंचायत ओसरत गेली. सर्वांत वर ‘सदर दिवाणी अदालत’ व ‘सदर फौजदारी अदालत’ होत्या.

मुंबई शहरात मात्र चित्र वेगळे होते. तेथे १७२६ च्या सनदेने मेयरचे कोर्ट, १७९८ मध्ये रेकॉर्डरचे कोर्ट व १८२४ मध्ये सुप्रीम कोर्ट आले. ही इंग्लंडच्या राजाच्या सनदेने चालणारी, इंग्रजी कायदा लावणारी न्यायासने होती. म्हणजे ‘कोर्ट’ व ‘अदालत’ हे त्या काळी पर्यायी शब्द नव्हतेच. ‘कोर्ट’ राजाचे आणि शहराचे. ‘अदालत’ कंपनीची आणि मुलखाची. एकाच इलाख्यातील दोन सत्तास्थाने या दोन शब्दांनी ओळखली जात. १८६१ च्या कायद्यान्वये दोहोंचे विसर्जन होऊन १४ ऑगस्ट १८६२ रोजी मुंबई उच्च न्यायालय सुरू झाले. जुनी रेघ तरीही पुरती पुसली नाही. उच्च न्यायालयाची मूळ शाखा सुप्रीम कोर्टाचा, तर अपील शाखा सदर अदालतीचा वारसा सांगते. नाव मात्र एकाच पक्षाचे उरले. ‘हायकोर्ट’ आले आणि पाठोपाठ जिल्ह्याचेही ‘कोर्ट’ झाले.

उत्तरेत ‘अदालत’ लोकांच्या तोंडी टिकली आणि मराठीत ती विरली, याचे कारण दप्तराच्या भाषेत शोधता येते. बंगाल इलाख्यातील न्यायासनांची भाषा १८३७ च्या कायद्यापर्यंत फार्सी होती व त्यानंतर उत्तरेच्या मोठ्या भागात ती जागा उर्दूने घेतली. मराठी मुलखात दप्तर पूर्वीपासून मराठी होते. येथे ‘अदालत’ कंपनीबरोबर आली आणि कंपनीबरोबर गेली. ‘कोर्ट’ मात्र इतके मुरले की शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठी म्हणूनच ओळखली जाते. हा शब्दही मुळात जागेचाच. लॅटिनमधील ‘कुंपण घातलेले आवार’ या अर्थाच्या शब्दापासून फ्रेंचच्या वाटेने तो इंग्रजीत गेला. आवाराला पायरी असते. मजलिसीला ती नव्हती.

‘न्याय’ आणि त्याचे ‘आलय’

‘न्यायालय’ हा शब्द प्राचीन वाटतो. परंतु धर्मशास्त्रग्रंथांची स्वतःची परिभाषा निराळी आहे. तेथे खटला म्हणजे ‘व्यवहार’. तो चालवणारा ‘प्राड्विवाक’, म्हणजे प्रश्न विचारणारा व विवेचन करणारा. त्याच्यासह बसणारे ‘सभ्य’. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील तिसरे अधिकरण ‘धर्मस्थीय’ आहे. याज्ञवल्क्य व नारद यांनी कुल, श्रेणी, पूग अथवा गण आणि राजा अशा चढत्या क्रमाने निर्णायक संस्था मांडल्या आहेत. बृहस्पतीने सभेचे चार प्रकार सांगितले व त्यांतील ‘अप्रतिष्ठिता’ म्हणजे ठिकाण पक्के नसलेली, फिरती सभा. न्यायाला घर असलेच पाहिजे असे शास्त्रकारांनाही वाटत नव्हते, असे यावरून दिसते. स्थलवाचक शब्द हवा असेल तर तो ‘अधिकरण’. ‘मृच्छकटिका’च्या नवव्या अंकात चारुदत्तावरील खटला अधिकरणमंडपात चालतो आणि तेथे अधिकरणिकासोबत श्रेष्ठी व कायस्थ बसतात. हा शब्द आज ‘न्यायाधिकरण’ या रूपात उच्च न्यायालयाहून वेगळ्या, विशेष प्रकारच्या संस्थेसाठी वापरला जातो.

‘न्याय’ हा शब्द ‘नि’ हा उपसर्ग व ‘इ’ (जाणे) या धातूपासून पाणिनीने सिद्ध केला आहे आणि त्याचा अर्थ ‘योग्य रीतीपासून न ढळणे’ असा दिला आहे. येथेही मूळ चित्र गतीचे आहे, वाटेवरून न घसरता जाण्याचे. तर्कशास्त्राला ‘न्याय’ म्हणणे, ‘काकतालीय न्याय’ म्हणणे, हे याच अर्थाचे विस्तार होत. त्याला ‘आलय’ जोडले गेले आणि ग्रंथालय, विद्यालय, देवालय यांच्या पंक्तीत ‘न्यायालय’ बसले. राज्य स्थापनेच्या वर्षी, १९६० मध्ये, भाषा संचालनालय सुरू झाले व पुढे ‘न्यायव्यवहार कोश’ सिद्ध झाला; संविधानाच्या मराठी पाठातील ‘सर्वोच्च न्यायालय’, ‘उच्च न्यायालय’ यांनी शब्दाला अंतिम प्रतिष्ठा दिली. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला ‘न्यायमूर्ती’ म्हणण्याची मराठीची रीत रानड्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली आहे. आलय आणि मूर्ती ही जोडी देवळाच्या भाषेतली आहे, हे मुद्दाम सांगावयास नको. ‘आदिल’ हा शब्द व्यक्तीच्या अंगच्या गुणाची परीक्षा मागतो. ‘न्यायमूर्ती’ हा शब्द ती परीक्षा झाली असे गृहीत धरून चालतो.

लोकअदालत : शब्दाचे पुनरागमन

संविधानाने ‘न्यायालय’ दिल्यानंतर ‘अदालत’ कायद्याच्या भाषेत परतली ती लोकांच्या नावाने. गुजरातेत जुनागढ जिल्ह्यातील उना येथे मार्च १९८२ मध्ये पहिली लोकअदालत भरल्याचे मानले जाते. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम १९८७ मध्ये संमत झाला व ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आला, तेव्हा तिला वैधानिक पाया मिळाला. येथे ‘न्यायालय’ व ‘अदालत’ यांची पुन्हा वाटणी झाली. इंग्रजी मसुद्यातही ‘लोकअदालत’ हे भारतीय नाव तसेच ठेवले गेले, कारण ही संस्था ‘कोर्ट’ नव्हती.

तिचे स्वरूप पाहिले तर ‘इद्ल’ची आठवण होते. मंडळावर आजी वा माजी न्यायिक अधिकारी असतो, त्याच्यासोबत वकील व सामाजिक कार्यकर्ता असतात. दोन्ही पक्षांची ओझी तोलून तडजोड सुचविली जाते. तडजोड झाली की अधिनियमाच्या कलम २१ नुसार तो निवाडा दिवाणी न्यायालयाचा हुकूमनामा मानला जातो, त्यावर अपील नाही, आणि न्यायालयातून आलेल्या प्रकरणात भरलेले न्यायालय शुल्क परत मिळते. मराठेशाहीतील ‘राजीनामा’ निवाड्याच्या आधी लिहिला जाई; येथे पक्षकारांची संमती हाच निवाडा असतो.

अडचण नावातूनच उद्भवते. भारतीय भाषांत दोन-अडीच शतके ‘अदालत’ म्हणजे निर्णय देणारे ठिकाण, हा अर्थ रुळलेला आहे. न्यायालयाच्याच आवारात, न्यायिक अधिकाऱ्याच्याच समोर, ‘अदालत’ अशा फलकाखाली बसलेल्या पक्षकाराला समोरून आलेली रक्कम ही सूचना आहे की आज्ञा, हे उमगतेच असे नाही. अपघात नुकसानभरपाईचा किंवा पोटगीचा दावा लावणाऱ्याला तर मुळीच नाही. हा गोंधळ केवळ पक्षकारांचा नव्हता. पंजाबमधील एका मोटार अपघात प्रकरणात लोकअदालतीने पक्षांची तडजोड झालेली नसताना नुकसानभरपाईची रक्कम स्वतः वाढवून दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले की लोकअदालतीला गुणदोषांवर निर्णय देण्याचा अधिकार नाही. तडजोड झाली तर ती नोंदवावी, न झाल्यास प्रकरण मूळ न्यायालयाकडे परत पाठवावे. २००२ च्या दुरुस्तीने सार्वजनिक उपयुक्त सेवांसाठी जी ‘स्थायी लोकअदालत’ निर्माण झाली, तिला मात्र तडजोड फसल्यावर ठरावीक मर्यादेत निर्णय देण्याचा अधिकार आहे. म्हणजे एकाच नावाच्या दोन संस्थांपैकी एकीला निर्णयाधिकार आहे व दुसरीला नाही, आणि पेन्शन अदालत किंवा डाक अदालत या तर खात्यांनी घेतलेल्या तक्रारनिवारणाच्या बैठका आहेत.

महाराष्ट्रात १९९८ मध्ये शासनाने अधिसूचनेद्वारे मराठी ही दुय्यम न्यायालयांची भाषा ठरविली. उच्च न्यायालयाचे कामकाज संविधानाच्या अनुच्छेद ३४८ प्रमाणे इंग्रजीत चालते. त्यामुळे सामान्य पक्षकाराचा संबंध ज्या शब्दांशी येतो ते तालुक्याच्या व जिल्ह्याच्या ठिकाणचे मराठी शब्द आहेत. लोकअदालतीच्या नोटिशीवर ‘हजर राहावे’ असे छापलेले असते. संमती दिलीच पाहिजे असे नाही, आणि न दिल्यास दावा जेथे होता तेथेच पुढे चालेल, ही दोन वाक्ये त्याच नोटिशीत तितक्याच ठळक अक्षरांत असावयास हवीत.